आजार सांगूनच परदेशी जा

ताई,

मी २४ वर्षांची, सांगलीची. मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, मग कोल्हापूरला नोकरी. चार वर्षांपूर्वी क्रोन्सचं, म्हणजे आतड्यांना सूज आणणाऱ्या दीर्घ आजाराचं, निदान झालं. आधी स्टिरॉइड झाले, गोळ्या झाल्या, एकदा बारा दिवस अ‍ॅडमिट होते. आता दर १४ दिवसांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन घेते आणि दोन वर्षांहून जास्त काळ छान आहे. एमएससाठी दोन प्रवेश हातात आहेत. एक अमेरिकेत ओहायोला, तिथे फी भरपूर आणि शिष्यवृत्ती थोडी. दुसरा जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या सरकारी विद्यापीठात, तिथे फी जवळजवळ नाही. कन्सल्टन्सीतले सर म्हणतात, अमेरिकेला जा, इथूनच स्वस्त स्टुडंट पॉलिसी काढून देतो, फक्त आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहा. बाबा एसटीतून निवृत्त झालेत. ते म्हणतात, इंजेक्शनं दर महिन्याला कुरिअर करू, कमी पडलं तर मिरजेचा प्लॉट काढू. आत्या म्हणते, असलं दुखणं घेऊन परमुलखात कशाला? मला जायचं आहे, पण माझ्या आजारापायी बाबांचं म्हातारपण उघडं पडायला नको. काय करू? आणि तिथे कुणाला सांगू की नको?

– एक सांगलीकर

---

प्रिय सांगलीकर,

जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. पण ओहायोला जाऊ नकोस, जर्मनीला जा. आणि आजार लपवून तर कुठेच जाऊ नकोस. तुझ्या पोटाच्या डॉक्टरांनी जायला हरकत नाही असं म्हटलं आहे, हे मी धरून चालते. विचारलं नसशील तर तिकिटाच्या आधी ते.

आधी त्या 'नाही'बद्दल बोलू, कारण या पत्रातली सगळ्यात घातक गोष्ट तुझा क्रोन्स नसून तो रकाना आहे. विमा हा करार असतो, आणि तो आपण खरी माहिती दिली या भरवशावर उभा असतो. परदेशात पोटात कळ येऊन तू भरती झालीस की पहिल्या तासात डॉक्टर विचारणार, आधी काही आजार होता का? तू खरं सांगणार, सांगावंच लागणार, नाहीतर उपचार चुकतील. ते कागदावर येणार आणि तो कागद विमा कंपनीकडे जाणार. क्लेम नाकारला जाईल आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. म्हणजे हप्ता भरून तू विमा नसलेलीच. आणि आणखी एक गोष्ट त्या सरांनी तुला सांगितलेली दिसत नाही: इथून निघणाऱ्या बहुतेक स्टुडंट पॉलिसींत आधीपासूनच्या आजाराचा खर्च बाहेरच ठेवलेला असतो. फार तर जिवावर बेतलं तर तेवढ्यापुरती मदत. तुझं दर पंधरवड्याचं इंजेक्शन त्या पॉलिसीत ना खरं लिहून मिळणार, ना खोटं लिहून. मग खोटं लिहायचं कशासाठी?

जिथे विचारलेलं नाही तिथे आपण होऊन सांगायची मात्र गरज नाही. प्रवेश देताना विद्यापीठाने तुझ्या तब्येतीची चौकशी केली नाही, तू सांगितलं नाहीस, यात लबाडी नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जातही सार्वजनिक आरोग्याला धोका असलेल्या संसर्गजन्य रोगांबद्दल आणि स्वतःला किंवा इतरांना धोका होईल अशा विकारांबद्दल विचारतात. क्रोन्स त्यात बसत नाही. तिथे प्रामाणिकपणे 'नाही' लिहिता येतं. विमा कंपनीचा प्रश्न वेगळा असतो आणि त्याचं उत्तर 'हो' आहे.

आता देश. रँकिंग, हवामान, तिथे मराठी मंडळ आहे का, हे सगळं नंतर. तुझा प्रश्न एकच असायला हवा: माझं इंजेक्शन पहिल्या महिन्यापासून मिळेल का, आणि वर्षाला माझ्या खिशातून जास्तीत जास्त किती जातील? ज्या देशात याचं उत्तर सरळ मिळतं तो तुझा देश.

तू जे घेतेस ते भारतात बनलेलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतंजुळतं दुसऱ्या कंपनीचं औषध, असावं. अ‍ॅडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर अहमदाबादच्या झायडसने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणलं, साधारण २०० डॉलरला एक. तेव्हापासून आपल्याकडे आणखी कंपन्या आल्या. अमेरिकेत मूळ औषधाची, ह्युमिराची, छापील किंमत महिन्याला ६,९०० डॉलरच्या आसपास गेली होती, आणि बायोसिमिलर तिथे दुकानात यायला २०२३ उजाडलं. औषध जवळपास तेच आहे. सांगलीत जे बाबांना पेन्शनीतून जेमतेम झेपतं, ते तिथे विम्याशिवाय कुठल्याही नोकरदार माणसाला झेपणारं नाही.

तरीही अमेरिकेला घाबरून मी नको म्हणत नाही. तिथे कायदा रुग्णाच्या बाजूचा आहे: २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे २०१४ पासून आधीच्या आजाराचं कारण देऊन वैयक्तिक विमा नाकारता येत नाही, आणि विद्यापीठ विमा कंपनीकडून घेतं त्या विद्यार्थी योजनांनाही हा नियम लागू होतो. काही विद्यापीठं मात्र स्वतःच्या तिजोरीतून योजना चालवतात. त्यांना तो जसाच्या तसा लागू होत नाही, त्यामुळे विचारून लेखी घ्यावं लागतं. अडचण पुढे आहे. विमा असूनही आधी ठरावीक रक्कम आपणच भरायची, तिला ते डिडक्टिबल म्हणतात. त्यानंतरच्या प्रत्येक बिलातला काही टक्के वाटा पुन्हा आपला. महागड्या इंजेक्शनांवर हा वाटा वीस टक्के किंवा त्याहून जास्तही असू शकतो. वर्षाला एक कमाल मर्यादा असते, तिच्यापुढे कंपनी सगळं भरते, पण कायद्याने ती २०२५ साठी एका माणसामागे ९,२०० डॉलरपर्यंत जाऊ शकत होती. रुपयांत आठ लाखांच्या घरात. हप्ता वेगळा. चांगल्या विद्यापीठांच्या योजनांत ही मर्यादा बरीच कमी असते, औषध कंपन्यांच्याही सवलतीच्या योजना असतात. पण या 'असते', 'असू शकते'वर बाबांचा प्लॉट लावायचा का? शिवाय इंजेक्शनासाठी आधी मंजुरी घ्यावी लागते. कंपनी म्हणू शकते, आधी आमच्या यादीतलं दुसरं औषध वापरून बघा. स्थिर असलेल्या क्रोन्सच्या रुग्णाला हे ऐकायला लागणं फार वाईट. आणि डिग्री झाली की विद्यापीठाचा विमा संपतो, तर ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर कामासाठी मिळणाऱ्या परवानगीच्या काळात, नोकरी नसलेले फक्त ९० दिवस चालतात. तुझ्या शिष्यवृत्तीत विमा धरलेला असता आणि योजना या कायद्यात बसणारी असती, तर मी वेगळा विचार केला असता. तू 'शिष्यवृत्ती थोडी' असं लिहिलंयस, म्हणून नको म्हणते.

ते सर ज्या स्वस्त पॉलिसीबद्दल बोलतात तिच्यासाठी विद्यापीठाच्या योजनेतून सूट मागावी लागते. निरोगी मुलं ती मागतात, पैसे वाचवतात. तू कधीच मागू नकोस, कुठल्याही देशात.

जर्मनीत चित्र वेगळं आहे, आणि ते मुद्दाम सावकाश सांगते. तिथे विद्यापीठात नाव नोंदवायचं तर विमा लागतोच. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सार्वजनिक आरोग्य विम्यात विद्यार्थ्यांच्या दराने जाता येतं. टेकनिकर, बार्मर, डीएके, एओके अशा अनेक संस्था हा विमा चालवतात. तू २४ ची आहेस, बसतेस. हप्ता महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास, म्हणजे पंधरा हजार रुपये धर. मूल नसलेल्या २३ पुढच्या माणसाला किंचित जास्त पडतो. आजार आहे म्हणून नकार नाही, जास्त हप्ता नाही, थांबण्याचा काळ नाही. प्लास्टिकचं कार्ड मिळतं, ते तिमाहीत एकदा डॉक्टरकडे लावायचं. औषधाच्या एका पाकिटामागे रुग्णाने किमतीच्या दहा टक्के भरायचे, पण कमीत कमी ५ आणि जास्तीत जास्त १० युरो. इंजेक्शनाचं पाकीट कितीही महाग असो, तुझ्या खिशातून १० युरो. दवाखान्यात राहायची वेळ आली तर दिवसाला १० युरो, वर्षात जास्तीत जास्त २८ दिवसांपर्यंत. या सगळ्या किरकोळ रकमांनाही वार्षिक मर्यादा आहे, उत्पन्नाच्या दोन टक्के, आणि दीर्घ आजार असलेल्यांना एक टक्का. त्यासाठी वर्षभर दर तिमाहीला त्याच आजाराचे उपचार घेतल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून पावत्या ठेव.

यात चुकण्याच्या जागा आहेत. सगळ्यात मोठी ही: सुरुवातीला कुणीतरी तुला खासगी विमा सुचवेल, महिन्याला तीस-चाळीस युरोत. त्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट घेतल्याचा कागद भरावा लागतो, आणि तो एकदा भरला की शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. स्वस्त खासगी विम्यात क्रोन्स बाहेर. ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), प्रवास विमा आणि आरोग्य विमा एकत्र विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्या वाईट नाहीत, पण पाकिटात नक्की कुठला आरोग्य विमा आहे ते बघूनच पैसे भर.

दुसरी जागा तारखांची. हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि विद्यार्थी म्हणून सार्वजनिक विमाही साधारण तेव्हापासूनच. त्याआधीच्या दिवसांसाठी प्रवास विमा लागतो, आणि त्यात पुन्हा तुझा आजार नाही. म्हणून जुलैतच जाऊन जर्मन शिकण्याचा मोह टाळ. नुसत्या भाषेच्या वर्गाला विद्यार्थ्यांचा दर मिळतही नाही. जर्मन सांगलीत बसून ऑनलाइन शीक, सप्टेंबरच्या शेवटी उतर, आणि बरोबर तीन महिन्यांची इंजेक्शनं ने. स्वतःच्या वापरापुरती तेवढी नेता येतात.

तीन महिने का? कारण तिथे तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे जातात, कधी महिने. सार्वजनिक विम्याची ही खरी त्रासाची बाजू आहे आणि ती तुला आधीच माहीत असलेली बरी. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात घराजवळचा फॅमिली डॉक्टर गाठ, त्याच्याकडून पोटाच्या तज्ज्ञासाठी चिठ्ठी घे. चिठ्ठीवर तातडीचा कोड असेल तर ११६११७ या क्रमांकावर वेळ लवकर मिळवून देतात. सांगलीतून निघायच्या आधीच ब्राउनश्वाइगच्या दोन-तीन दवाखान्यांना ईमेल करून ठेवलास तर फारच उत्तम.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण विद्यार्थ्यांचा दर तेव्हा राहत नाही आणि हप्ता बराच वाढतो. नोकरी लागली की अर्धा हप्ता मालक भरतो. मधल्या काळासाठी थोडे पैसे बाजूला हवेत. आणि शिकताना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम धरू नकोस, विम्यातलं विद्यार्थीपण त्यावर अवलंबून असतं.

इतर देशांचा उल्लेख तू केलेला नाहीस, तरी घरात कुणी सुचवेल म्हणून थोडक्यात. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार एकदम भरावा लागतो, पण मग तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, आधीचा आजार बघत नाही. वाट बघायची तयारी हवी. ऑस्ट्रेलिया तुझ्यासारखीला मी सुचवणार नाही. तिथल्या सक्तीच्या विद्यार्थी विम्यात आधीच्या आजाराला १२ महिने थांबावं लागतं, औषधांची भरपाई वर्षाला साधारण ३०० ऑस्ट्रेलियन डॉलरवर थांबते, आणि उपचार सरकारला फार महाग पडतील असं वाटलं तर व्हिसाच अडू शकतो. कॅनडातही असा तपास आहे, आणि विम्याचे नियम प्रांतागणिक बदलतात.

आता बाबांचं कुरिअर. त्यांना सांग की हे नाहीच करायचं. युरोपीय संघाच्या बाहेरून खासगी माणसाने टपालाने औषध मागवायला जर्मनीत बंदी आहे. कस्टममध्ये अडकेल, कदाचित नष्टही करतील. आणि अडकलं नाही तरी हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत राहायला लागतं, मुंबईच्या गोदामात दोन दिवस पडलेलं इंजेक्शन टोचून घ्यायचं का? नेताना केबिनच्या पिशवीत ने, बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटू न देता. सामानाच्या कप्प्यात कधीच नको, तिथे गोठलं तर वाया गेलं. तुझं ब्रँड फ्रिजबाहेर किती दिवस टिकतं ते पाकिटातल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, ते वाच.

बरोबर डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हवं. त्यात आजाराचं नाव, निदानाचं वर्ष, आधी काय दिलं आणि ते का बंद केलं, आताचा डोस, आणि औषधाचं मूळ नाव अ‍ॅडालिमुमॅब असं स्पष्ट. आपल्या ब्रँडचं नाव तिथल्या फार्मसीत कुणाला कळणार नाही. 'आधी काय दिलं' हा भाग सगळ्यात मोलाचा, कारण तिथला डॉक्टर तुला हेच औषध का, हे त्या कागदावरून ठरवेल. कोलोनोस्कोपीचा अहवाल, बायोप्सीचा, कॅलप्रोटेक्टिनचे (आतड्यांची सूज दाखवणाऱ्या शौचाच्या तपासणीचे) आकडे, सगळं स्कॅन करून घे. टीबीची तपासणी आणि हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट नवा करून घे. आपण भारतातून जातो आणि हे इंजेक्शन दबलेला टीबी वर काढू शकतं, म्हणून तिथले डॉक्टर ते पहिल्यांदा मागतील.

लसींबद्दल एक गोष्ट अगदी नीट लक्षात ठेव. परदेशी विद्यापीठं, विशेषतः अमेरिकेतली, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या दोन डोसांचा पुरावा मागतात, आणि कागद सापडला नाही की मुलं जवळच्या दवाखान्यात जाऊन लस टोचून येतात. ती जिवंत विषाणूंची लस आहे. अ‍ॅडालिमुमॅब चालू असताना तुझ्यासाठी ती सुरक्षित नाही, कांजिण्यांचीही नाही. लहानपणचं लसीकरणाचं कार्ड आईकडून शोधून घे. नसेल तर रक्तातल्या प्रतिकारशक्तीची तपासणी करून तो रिपोर्ट बरोबर ठेव. कुणी घाई केली तरी तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात पुढे करू नकोस.

पैशांचं. ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो लागतात, महिन्याला ९९२ हातात येतात. त्यातून दीडशे विम्याला गेले की उरलेल्यात खोली आणि जेवण बसवायचं आहे, ब्राउनश्वाइगमध्ये विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळाली तर बसतं. अर्ज आजच टाक. विम्याचा हप्ता कर्जाच्या अंदाजपत्रकात धरायला बँकेला सांग. प्लॉट मोडू नका. हे बाबांना मीच सांगते: दादा, मुलीच्या उपचारांचा खर्च जर्मनीत हप्त्यात बसतो आहे, तुमची जमीन तुमच्या म्हातारपणाला राहू द्या. फक्त भारतातली मेडिक्लेम पॉलिसी असेल तर तिचं नाव त्यातून काढू नका, पैसे वाचवायलाही नाही. ती सुट्टीत घरी येईल, कदाचित कायमची परत येईल, आणि नवी पॉलिसी घ्यायची झाली तर आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात.

सांगू की नको, हे तू शेवटी विचारलंस, आणि त्यातच तुझी खरी घालमेल दिसते मला. चार वर्षं तू हे फार थोड्या लोकांना सांगितलं असणार. कुठे जायचं झालं की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघायचं, लग्नाच्या पंगतीत काय खायचं नाही ते ठरवून ठेवायचं, वर 'एवढी बारीक का झालीस' ऐकून घ्यायचं. तिथे तीन जणांना सांग. एक खोलीतली किंवा शेजारची मुलगी, जिला कळेल की रात्री रक्त पडू लागलं तर ११२ ला फोन करायचा. दुसरं विद्यापीठातलं दीर्घ आजार आणि अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठीचं सल्ला केंद्र. जर्मनीत अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, मध्ये बाहेर जायची मुभा, तारीख पुढे ढकलणं अशी सवलत मागायचा हक्क आहे, पण ती आधी मागावी लागते. दुखणं वाढल्यावर परीक्षेच्या सकाळी ती मिळत नाही. तिसरे तुझे डॉक्टर, इथले आणि तिथले, दोघांचा ईमेलने संबंध जोडून दे. बाकी वर्गाला, मित्रांना, पुढे कामाच्या ठिकाणी, तुला वाटेल तेव्हा आणि वाटलं तरच.

आत्याबाईंवर रागावू नकोस. त्यांनी तुझं बारा दिवसांचं अ‍ॅडमिट होणं पाहिलंय. त्यांना विम्याचे आकडे सांगू नकोस, आजार कह्यात आहे हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा.

आणि या आठवड्यात एवढं कर: जर्मनीतल्या दोन सार्वजनिक विमा संस्थांना इंग्रजीत ईमेल टाक, क्रोन्स आणि अ‍ॅडालिमुमॅब ही दोन्ही नावं लिहून. विद्यार्थी म्हणून माझा विमा कुठल्या तारखेपासून सुरू होईल आणि हे औषध त्यात आहे का, असं विचार. उत्तर आलं की ते छापून बाबांना दाखव, आणि मग ओहायोला नकार कळव.

– तुझी ताई